टेबलामागचा डबा

प्रश्न असा आहे: पुण्यात एका दोन दिवसांच्या कॉनमध्ये (कॉमिक्स, अ‍ॅनिमेच्या चाहत्यांच्या मेळ्यात) पहिल्यांदाच विक्रीचं टेबल घेतलं आहे. एकटीच बसणार. विकायला पॉलिमर क्लेचे कीचेन, हातानं रंगवलेले बुकमार्क आणि थोडे प्रिंट. मागे एका छोट्या प्रदर्शनात दुपारी चारच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कारण सबंध दिवस चहा आणि वेफर्सवर काढला होता. तर ताई, अशा ठिकाणी पोटभर खायचं कसं, आणि न्यायचं काय?

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी लिनोकटचे (लिनोलियमवर कोरून छापलेले) प्रिंट आणि क्रोशाचे प्राणी विकते, टेबलामागे बसून बारा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी प्रत्येक कॉनहून डोकं धरून घरी आले. गर्दी, आवाज, डोळ्यांवर येणारे दिवे यांचा हा त्रास, अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे मी उपाशी असायचे, आणि डबा पायाशीच असायचा! आईनं दिलेली पोळी-भाजी संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची. आई विचारायची, "भाजी आवडली नाही का गं?" भाजी उत्तम होती. पण खायला एक स्वच्छ हात आणि सलग पाच मिनिटं लागतात, ती दोन्ही मला मिळत नव्हती. डाव्या हातात सुटे पैसे, उजव्यात पिशवी, समोर कुणीतरी विचारतंय, "हे तुम्ही स्वतः केलंय का?" अशा वेळी रस्साभाजीत पोळी कोण बुडवणार.

तेव्हापासून डबा भरताना मी प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारते. हा एका हातानं, दोन घासांत, मध्येच ठेवून पुन्हा उचलून खाता येईल का? आणि हा खाऊन लगेच प्रिंट हातात घेतला तर चालेल का? पौष्टिक किती, चविष्ट किती, ते त्यानंतर.

पण खाण्याच्या आधी पाण्याचं बोलू. तुझी अंधारी बरीचशी तिथून आली असावी असा माझा अंदाज आहे. खरं सांग, त्या दिवशी पाणी किती प्यायलीस? एकट्या बसणाऱ्या बायका पाणी प्यायला विसरत नाहीत, त्या ठरवून पीत नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं, स्वच्छतागृह हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे कॉस्प्ले केलेल्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घातलेल्या मुलींची रांग (त्या बिचाऱ्यांना चिलखतातून बाहेर पडायलाच दहा मिनिटं लागतात), आणि तेवढा वेळ टेबल कुणाच्या भरवशावर सोडायचं? त्यापेक्षा घोटभर पिऊन बसून राहिलेलं बरं. मीही हेच करायचे. हा प्रश्न सुटल्याशिवाय खाण्याचा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्हीचं मूळ एकच आहे: उठता येत नाही.

त्यावर उपाय आहे शेजारीण. किंवा शेजारी, पण सांगायचं तात्पर्य तेच. सकाळी मांडामांड करताना, गेट उघडायच्या आधी, दोन्ही बाजूंच्या टेबलांवर जायचं, नाव सांगायचं आणि डबा उघडून पुढे करायचा. यासाठी मी चार दशम्या जास्तीच्या नेते, आणि त्या माझ्या हिशेबात टेबलाच्या भाड्याइतक्याच आवश्यक खर्चात धरलेल्या असतात. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. मग मोघम "जरा लक्ष ठेवाल का?" असं न म्हणता वेळ ठरवून टाकायची: मी बारा आणि चारला उठेन, तुम्ही साडेबारा आणि साडेचारला. वेळ ठरलेली असली की मागताना संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यालाही उपकार केल्यासारखं होत नाही.

यासाठी टेबलाची थोडी तयारी लागते. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवलेली हवी, "दोन घेतले तर एवढे" हेही लिहिलेलं हवं, म्हणजे शेजारीण तुझ्या मागे विक्री करू शकेल. यूपीआयचा क्यूआर स्टँडवर, आणि जमलं तर पैसे जमा झाल्याचं बोलून दाखवणारा तो छोटा स्पीकर टेबलावर ठेव; नाहीतर फोन तुझ्या खिशात, आणि पैसे आले की नाही हे शेजारणीला कळायचं कसं? रोख रक्कम मात्र कमरेच्या पाऊचमध्ये, तुझ्याबरोबर.

जपानमध्ये या देवाणघेवाणीला शब्दच आहे. तोक्योत १९७५ पासून कोमिकेत भरतं, स्वतः काढलेली मांगा (जपानी चित्रकथा) आणि चित्रं विकणाऱ्यांचा प्रचंड मेळा. तिथे आवडत्या चित्रकाराच्या टेबलावर जाताना किंवा ओळखीच्या विक्रेत्याला भेटताना काहीतरी खाऊ नेतात. त्याला 'साशिइरे' म्हणतात. खाऊ शक्यतो एकेक सुटा बांधलेला, टिकणारा, हात न माखणारा असा. आपल्याकडे हे आपोआप घडतं, फक्त आपण भाकरवडीचं अख्खं पाकीट फोडून पुढे करतो आणि मग सगळ्यांची बोटं तेलकट होतात. भाकरवडीबद्दल पुढे बोलतेच.

तर पाणी: पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. एक दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, दुसरी सहापर्यंत. एसी हॉलमध्ये घाम येत नाही म्हणून तहान लागलेली कळत नाही, पण सबंध दिवस बोलून घसा कोरडा पडत असतो. बाटली टेबलाखाली ठेव. टेबलावर कधीच नाही. माझे एकदा चाळीस बुकमार्क लाटांसारखे वाकले होते, ते एका न घट्ट लावलेल्या झाकणामुळे. ओआरएसची पाकिटं बॅगेत असावीत, पण एसी हॉलमध्ये त्यांची सहसा गरज पडत नाही; एप्रिल-मेमधल्या मांडवातल्या प्रदर्शनाला पडते. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्यायचं, अर्ध्या बाटलीत ओतून 'कडक' करायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. कोकम सरबत मलाही आवडतं, पण टेबलाच्या आसपास नको. त्याचा डाग तुझ्या बुकमार्कपेक्षा जास्त टिकेल.

चहा सोड म्हणणार नाही, पुण्यात राहून ते शोभणार नाही. पण रिकाम्या पोटी घेतलेला चहा भूक मारतो, आणि भूक मेली की आपल्याला वाटतं पोट भरलंय. दीड तासानं पाय लटपटायला लागतात. माझे दोन कप ठरलेले: एक मांडणी झाल्यावर काहीतरी खाऊन, दुसरा पाचला. आणि हे सगळं नीट करूनही अंधारी आली तर मात्र डॉक्टरांना दाखव, हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना तिथेच उत्तर सापडतं.

आता खायचं कधी. दुपारी एकला जेवायचं हे डोक्यातून काढून टाक. एक ते चार ही विक्रीची वेळ, शनिवारी तर जास्तच, आणि तेव्हाच खाण्याच्या स्टॉलवर सगळ्यात लांब रांग असते. कॉनमध्ये घड्याळापेक्षा स्टेजचं वेळापत्रक बघायचं. कॉस्प्लेची स्पर्धा, एखाद्या गाजलेल्या यूट्यूबरचा कार्यक्रम, कुठल्यातरी नवीन ट्रेलरची पहिली झलक, यांतलं काहीही सुरू झालं की आर्टिस्ट अ‍ॅली (आपल्यासारख्यांच्या टेबलांची गल्ली) दहा मिनिटांत ओस पडते. ती तुझी जेवणाची वेळ. आयोजक वेळापत्रक जाहीर करतात तेव्हा मी त्यावर पेन्सिलनं खुणा करून ठेवते: इथे खायचं, इथे उठायचं, आणि हा कार्यक्रम सुटला की उभं राहायचं, कारण मग लोंढा येतो. साडेअकराला एक छोटं खाणं, दीडच्या आसपास त्याच्या निम्मं, साडेतीन-चारला खरं जेवण, सहाला फळ, असा माझा दिवस होतो. एका बैठकीत पोटभर जेवायचा प्रयत्नच करत नाही. भरपेट जेवून टेबलामागे बसलं की झोप येते, आणि जांभई देणाऱ्या बाईकडून कुणी काही विकत घेत नाही.

दिवसाचं मुख्य जेवण म्हणजे सकाळची न्याहारी. गेट अकराला उघडत असलं तरी तुला नऊपर्यंत सामान आत न्यायचं असतं, आणि एकदा मांडणी सुरू झाली की अकरा कधी वाजतात कळत नाही. म्हणून साडेसातला घरीच बसून, ताटात वाढून घेऊन खायचं. नुसत्या पोह्यांवर मी अकराच्या पुढे टिकत नाही. पोहे करायचेच तर दाणे भरपूर आणि बरोबर दोन अंडी. त्याहून चांगलं म्हणजे मुगाच्या डाळीची घावनं, किंवा थालीपीठ आणि वाटीभर दही. रात्रीचं पिठलं उरलं असेल आणि ताजी भाकरी करायला कुणी असेल, तर मग विचारायलाच नको. मिसळ मात्र नको. बाहेरगावचे विक्रेते पुण्यात येतात आणि रविवारी सकाळी हौसेनं मिसळ खायला नारायण पेठ गाठतात. बेडेकरांकडची असो की आणखी कुठली, मिसळ ही कॉन संपल्यावर, सोमवारी खायची गोष्ट आहे. तर्रीनंतर तीन तासांनी स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहणं काय असतं ते मला विचारू नकोस.

आता डबा. माझ्या डब्याचा कणा म्हणजे दशमी. आत्या प्रवासाला निघताना नेहमी करायची, म्हणायची, "पाण्यात भिजवलेलं घरी खावं, दुधात भिजवलेलं वाटेत." तिच्या मनात सोवळंओवळं होतं, माझ्या मनात मऊपणा आहे, दशमी एकच. कणीक निव्वळ दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही. चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. गोड हवी तर गूळ आधी दुधात विरघळवून घ्यायचा, पण दूध कोमट हवं. उकळत्या दुधात गूळ टाकला तर ते फाटतं आणि सकाळी साडेसहाला ते बघायची वेळ येऊ नये. आकार तळहाताएवढा, पोळीपेक्षा जरा जाड, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. वाफ आत कोंडली की झाकणाला पाणी सुटतं, खालच्या दशम्या ओल्या होतात आणि दुपारपर्यंत वास बदलतो. मी जाळीवर पसरून ठेवते, मग सुती रुमालात गुंडाळून डब्यात. दोन दशम्यांच्या मध्ये तूप आणि तिळाची कोरडी चटणी लावून जोडी केली की हातात धरून सँडविचसारखी खाता येते. जानेवारीत अशी दशमी सबंध दिवस छान राहते. मे महिन्यात मी ती दुपारच्या पुढे नेत नाही.

दुसरा नंबर थालीपिठाचा, पण कॉनसाठी त्याचा अवतार वेगळा. भाजणी तीच: बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरं, सगळं भाजून दळलेलं. कांदा मात्र घालायचा नाही, तो पाणी सोडतो आणि वास धरतो. हळदही नाही. लहान थापायचं, मध्ये भोक, कमी तेलात खरपूस. लोणी-दही घरी.

हळद का नाही, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे तुझा माल आणि तुझं पोट एकमेकांच्या वाटेत येतात. हळदीचा पिवळा कागदात लगेच मुरतो. कपड्यावरचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात टाकला की हळूहळू उडतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण प्रिंट धुता येत नाही, आणि उन्हात ठेवला तर हळदीच्या आधी तुझी शाई उडेल. तेलाचं त्याहून वाईट. तेलकट बोट लागलं की कागद तिथे पारदर्शक होतो, मागच्या बाजूनंही दिसतो, आणि तो ठसा जात नाही. माझ्या एका लिनोकटच्या कोपऱ्यावर भाकरवडीचा अंगठा असा उमटलाय की आधार कार्डाला चालेल. ते प्रिंट मी विकलं नाही, कपाटाच्या दारावर आतून लावून ठेवलंय.

म्हणून हातांची वाटणी करून टाकायची. उजवा खाण्याचा, डावा मालाचा आणि पैशाचा. लहानपणी डाव्या हातानं वाढलं म्हणून बोलणी खाल्लेल्या माणसाला डाव्या हातानं गिऱ्हाइकाला वस्तू द्यायला सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय होते. ज्येष्ठ कुणी समोर असेल तर मी आधी हात पुसून दोन्ही हातांनी देते. पुसायला एक ओला आणि एक कोरडा असे सुती रुमाल. सुगंधी ओले टिश्यू वापरू नकोस, त्यांतलं लोशन कागदावर चिकट डाग सोडतं. सॅनिटायझर लावलास तर हात पूर्ण वाळेपर्यंत बुकमार्कला शिवू नकोस. तू अ‍ॅक्रिलिकनं रंगवत असशील तर अल्कोहोलनं तो रंग सुकल्यावरसुद्धा सैल होतो. एका मुलीच्या नाकाचा रंग माझ्या बोटावर आला होता. चित्रातल्या मुलीच्या.

वासाचंही बघावं लागतं. क्ले आणि कागदाला फारसा फरक पडत नाही, पण लोकर वास पिऊन घेते. एका वर्षी मी लसणाची चटणी आणि क्रोशाचे प्राणी एकाच पिशवीतून नेले. रविवारी एका छोट्या मुलानं ऑक्टोपस उचलला, गालाला लावला आणि आईला म्हणाला, "याला वडापावचा वास येतोय." आईनं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तरीही तो विकत घेतला. अशी माणसं रोज भेटत नाहीत. लसणाची चटणी आता घरीच असते आणि उकडलेली अंडीही, शेजाऱ्यांचा विचार करून.

मधल्या वेळेचं खाणं सोपं आहे: फुटाणे, सोललेले खारे दाणे, गुळाचे खडे. एक मूठ दाणे, एक मूठ फुटाणे, हे वेफर्सच्या पाकिटापेक्षा कितीतरी जास्त वेळ धरून ठेवतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यांत २० च्या आसपास. दाणे सोललेलेच घे. सालं पंख्याच्या वाऱ्यानं उडतात आणि शेजारणीच्या काळ्या टेबलक्लॉथवर जाऊन बसतात, मग तुझ्या दशमीचं सगळं पुण्य वाया. संक्रांतीच्या सुमाराचा कॉन असेल तर गूळपोळी. कोरडी, टिकाऊ, दोन दिवस आरामात जाते, आणि परप्रांतातून आलेल्या विक्रेत्यांना एक तुकडा दिला की ओळख पक्की.

फळांत केळं उत्तम, पण सुटं टाकलंस तर कॅटलॉगच्या वजनाखाली त्याचा शिकरण होतो. डब्यातच ने. पेरू घरून कापून, मीठ न लावता, कारण मिठानं पाणी सुटतं. द्राक्षं धुऊन, पुसून, देठापासून सोडवून. संत्रं नको. सोलताना फवारा उडतो आणि बोटं चिकट होतात.

आणि आता भाकरवडी. टिकाऊ आहे, चवदार आहे, आपली आहे. पण तेल आणि चुरा. तिच्यावरचा उपाय मला एका अ‍ॅनिमेवेड्या पोरानं शिकवला. तो टेबलामागे बसून वेफर्स चॉपस्टिकनं खात होता. मी हसले. तो म्हणाला, "काकू, मी एका हातानं चित्र काढतोय." काकू म्हटल्याचा राग बाजूला ठेवून मी त्याच संध्याकाळी चॉपस्टिक घेतल्या. आता भाकरवडी, चिवडा, अगदी डाळिंबाचे दाणेसुद्धा त्यांनीच. जमत नसेल तर लांब दांड्याचा चमचा आणि टूथपिक.

भात मी नेत नाही. दहीभात पोटाला गार, करायला सोपा, म्हणून पुष्कळ जण नेतात. पण शिजवलेला भात कोमट राहिला की त्यातल्या काही जिवाणूंचे शिजूनही न मेलेले बीजाणू पुन्हा वाढीला लागतात, आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. शिजवलेलं ओलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ च्या वर पारा असेल तर तासाभराच्या वर नाही, हा नियम आहे. टेबलाखालचा कोपरा सबंध दिवस त्याच मधल्या तापमानात असतो. थर्मासच्या डब्यात वाफाळती खिचडी नेलीस तर चालेल, पण मग ती आधी उकळतं पाणी घालून तापवलेल्या डब्यात भरायची आणि पहिल्या तीन-चार तासांत संपवायची. ओल्या नारळाचं काहीही नाही. दडपे पोहे मनात आले असतील तर तेही नाही.

हे सगळं आत नेऊ देतील का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. प्रेक्षकांना बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी नेता येत नाही, विक्रेत्यांचं ठिकाणानुसार वेगळं असतं. टेबल पक्कं झाल्यावर आयोजकांना ईमेल करून विचार आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेव. मला एकदा आयोजकांनी तोंडी होकार दिला आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकानं डबा बाहेर ठेवून घेतला. त्याची चूक नव्हती, त्याच्याकडे कागद नव्हता. त्यानंतर लेखी उत्तर दाखवल्यावर कधी अडचण आली नाही. अगदीच नाही म्हणाले तर आत विकत घ्यायच्या जेवणाचे दोन दिवसांचे पैसे आधीच खर्चात धर आणि बारा वाजता, रांग लागायच्या आत, एकदम घेऊन ये. पैसे आधी बाजूला काढलेले नसले की आपण विक्रीकडे बघत बसतो, "अजून दोन कीचेन जाऊ देत, मग खाईन", आणि ते दोन कीचेन कधी जातच नाहीत.

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ साली दिल्ली हाटमध्ये भरलं, जिथे मुळातच राज्याराज्यांच्या खाण्याचे स्टॉल आहेत. आता कॉन मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये भरतात, आणि तिथे पिझ्झाचा एक तुकडा घेताना दोन स्टिकरची कमाई जाते.

शनिवारी रात्री घरी आलीस की मुगाची खिचडी, तूप, पापड. बाहेर जेवायचं आमंत्रण येईल, सगळे विक्रेते कुठेतरी जमणार असतील. जाऊ नकोस असं नाही, तासभर बस, पण रविवार शनिवारपेक्षा जड जातो आणि दशमीची कणीक रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची असते. पहिल्या दिवशी उत्साह खेचून नेतो. दुसऱ्या दिवशी पोटात काय आहे तेच खेचतं.

पुढेमागे मुंबईला जाशील. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईला पोचते. तिच्या डायनिंग कारचं मोठं आकर्षण असलं तरी तोवर मांडणीची वेळ संपलेली असते. म्हणजे आदल्या दिवशीच जायचं, आणि मग दशम्या दीड दिवसाच्या होतात. मुंबईच्या दमट हवेत त्या तितक्या टिकत नाहीत. तिथे मी कोरड्या गोष्टींवर भर देते आणि दुपारी हॉलमधलंच काहीतरी गरम घेते.

शेवटचं, डबा ठेवायचा कुठे. मालाच्या खोक्यात कधीच नाही. स्वतंत्र कापडी पिशवी, टेबलाखाली तुझ्या उजव्या पायाशी, वर नाव आणि टेबल नंबर लिहिलेली चिठ्ठी, कारण रविवारी रात्री सफाईवाले जे बेवारस दिसेल ते उचलतात. आवराआवर करताना आधी डबे उघडून बघ, रिकामे कर, मग माल भर. मी एकदा घाईत उलटं केलं. पुढचा कॉन सव्वा महिन्यानं होता. प्रिंटचं खोकं उघडलं, आणि तळाशी दह्याची छोटी डबी होती. झाकण फुगून घुमटासारखं झालं होतं. ती मी गॅलरीत नेऊन, लांबून, छत्रीच्या टोकानं उघडली.